विश्लेषण : वाकलेली पाठ, कमरेवरची घागर... धुरंधरांनी माणसांचे उभे राहणे का रंगवले?

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर हाती पडला की मुलांची खरी पंचाईत होते. विषय ओळखीचाच असतो. आठवडी बाजार, बसथांबा, पाणी भरणाऱ्या बायका, शेतातली कामे. झाड निघते, घर निघते, बैलगाडीही जमून जाते. गाडी अडते ती माणसापाशी. मग पाठ करून आणलेली दोन-तीन ठोकळेबाज माणसे कागदावर उतरतात. सगळी ताठ उभी, सगळ्यांचे हात सारखेच लोंबकळणारे. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी कुठल्याही गावातल्या चित्रकला शिक्षकाला हा अनुभव नवा नाही.

काम करणारा माणूस नेमका कसा उभा राहतो, कसा वाकतो, ओझे उचलताना त्याचा तोल कुठे जातो, हे पाहण्यात आणि रेखाटण्यात मराठी मुलखातल्या एका चित्रकाराने उभे आयुष्य घालवले. त्यांचे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. त्यांची चित्रे अनेकांनी नाव माहीत नसताना पाहिलेली असतात. जुन्या मुंबईवरच्या लेखात, जुन्या पोस्टकार्डांच्या छायाचित्रांत किंवा नऊवारीतल्या बायकांच्या एखाद्या रंगीत चित्रात ती भेटतात. हे धुरंधर कोण होते, त्यांनी नेमके काय केले आणि त्यांच्यावर आक्षेप काय होते, हे समजून घेऊ.

महादेव धुरंधर कोण होते?

धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात, पाठारे प्रभू कुटुंबात झाला. शिक्षण तिथल्याच राजाराम हायस्कुलात झाले. चित्रांचा नाद लहानपणापासून होता आणि त्या नादाला दिशा देणारे एक मोठे उदाहरण गावातच होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून कोल्हापूरला परतलेले चित्रकार आबालाल रहिमान यांचे काम पाहून चित्रकला हेच आयुष्याचे काम होऊ शकते, याची खात्री या मुलाला पटली.

१८९० मध्ये धुरंधर मुंबईत आले आणि जे. जे. मध्ये दाखल झाले. तिथून ते बाहेर पडले थेट १९३१ मध्ये, निवृत्त होऊन. आधी विद्यार्थी, मग शिक्षक, मुख्याध्यापक आणि शेवटी काही काळ संस्थेचे हंगामी संचालक. एकाच इमारतीत गेलेल्या या काळाचा हिशेब त्यांनी पुढे आत्मचरित्रातून मांडला. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे. मराठी चित्रकाराने स्वतःच्या घडणीविषयी मराठीत सविस्तर लिहिण्याची अशी उदाहरणे त्या काळात फार नव्हती. त्यामुळे पश्चिम भारतातील कलाशिक्षणाचा इतिहास शोधणाऱ्यांना आजही या पुस्तकापाशी यावेच लागते.

जे. जे. मध्ये त्यांना काय शिकायला मिळाले?

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेली ही संस्था ब्रिटिश पद्धतीने चालत असे. वस्तू समोर ठेवून हुबेहूब काढायची, पुतळ्यांवरून छायाप्रकाश शिकायचा, मग जिवंत माणसाकडे वळायचे, असा तो क्रम होता. अचूक रेखाटनावर सगळा भर. पुढे अनेक वर्षे या शिस्तीला नावे ठेवली गेली, पण धुरंधरांचा हात तयार झाला तो याच शिस्तीत.

ते आले तेव्हा जॉन ग्रिफिथ्स प्राचार्य होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करून घेण्याचे मोठे काम त्यांनी १८७२ पासून पुढे तेरा वर्षे चालवले होते. अजिंठ्यात देव आणि राजे आहेत, तशाच दासी, भिक्षू, फेरीवाले, नर्तकी आणि दारात टेकून उभी राहिलेली माणसेही आहेत. प्रत्येकाच्या उभे राहण्याला एक लय आहे. संस्थेत आणखी एक धागा होता. लेखक रुडयार्ड किपलिंग यांचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे १८७५ पर्यंत इथे शिक्षक होते आणि त्यांनी विणकर, कुंभार, सुतार अशा कारागिरांची काम करतानाची बारकाईने रेखाटने केली होती. म्हणजे मजुरी करणारा माणूस हा चित्राचा विषय होऊ शकतो, ही कल्पना त्या वास्तूत आधीपासून रुजलेली होती. मात्र तोवर ती बहुतांशी परक्या नजरेने पाहिलेली होती.

धुरंधरांची प्रगती वेगाने झाली. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांना बक्षिसे मिळू लागली आणि १८९५ मध्ये लक्ष्मी नावाच्या स्त्रीला ‘आलीस का’ असे विचारणाऱ्या शीर्षकाच्या त्यांच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. त्या काळी राजा रविवर्मा यांच्या देवदेवता आणि पौराणिक नायिका घराघरांत पोहोचू लागल्या होत्या. घरगुती आयुष्यातील प्रसंगही तितक्याच तयारीने रंगवता येतो आणि त्याला मानही मिळतो, हे धुरंधरांच्या सुरुवातीच्या कामातून दिसले. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, ते जे. जे. मध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले.

चित्रात माणसाच्या ‘ढबी’ला इतके महत्त्व का?

चेहरा काढणे कठीण वाटते, पण शिकणाऱ्याची खरी परीक्षा चेहऱ्याच्या खाली होते. उभ्या माणसाचे सगळे वजन क्वचितच दोन्ही पायांवर सारखे असते. वजन एका पायावर आले की त्या बाजूची कंबर वर चढते, खांदा खाली येतो आणि पाठीचा कणा किंचित वळतो. हा वळसा पकडला तर रेघांचे माणूस होते, नाही पकडला तर बाहुले.

आपल्या भोवतीची कामे डोळ्यांसमोर आणली तर हे चटकन कळते. पावसाळ्यात भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही बांधीत धानाची रोवणी चालू असते. बाई कमरेतून वाकलेली, पाठ जवळजवळ जमिनीला समांतर, गुडघे किंचित दुमडलेले. एका हातात पऱ्ह्यांची पेंडी, दुसरा हात चिखलात, आणि पाऊल मागे मागे सरकणारे. पाण्याची घागर कमरेवर असेल तर कंबर एका बाजूला बाहेर येते, धड उलट बाजूला झुकते आणि मोकळा हात तोल सांभाळायला शरीरापासून दूर जातो. तीच घागर डोक्यावर गेली की मान आणि पाठ सरळ होतात, पावले लहान आणि भरभर पडतात. जात्यावर बसलेल्या बाईचा एक पाय लांब पसरलेला असतो आणि दळताना खांद्यापासून कमरेपर्यंतचे शरीर खुंट्याबरोबर गोल फिरते.

या प्रत्येक ढबीत माहिती दडलेली असते. ओझे किती आहे, काम नवखे आहे की रोजचे, माणूस दमला आहे की नुकता आला आहे, तो मालक आहे की नोकर, हे सगळे चेहऱ्याआधी शरीर सांगते. धुरंधरांच्या रेखाटनांतून हीच भाषा दिसते. त्यांच्या कोळणीची मान एका तऱ्हेने ताठ असते, देवळात निघालेल्या घरंदाज बाईची दुसऱ्या तऱ्हेने. ओझेवाल्याचे पाय आणि पेढीवर बसलेल्या शेठजीचे पाय यांत गल्लत होत नाही.

यात त्यांना मदत झाली ती पोशाखाची. काष्ट्याचे नऊवारी लुगडे पायांमधून मागे घेतलेले असल्याने चालताना पोटरी आणि गुडघ्याची हालचाल लपत नाही. कापडाच्या चुण्या जिथे ताणल्या जातात तिथे शरीर वळलेले असते, जिथे सैल पडतात तिथे विसावलेले. चुण्यांवरून हालचाल सांगण्याची ही हातोटी त्यांनी इतकी आत्मसात केली, की थोड्याशा रेषांतही त्यांची माणसे चालू लागतात.

कॅमेरा आलेला असताना रेखाटनाची गरज काय होती?

धुरंधर शिकत होते त्याच सुमारास जगभर माणसाच्या हालचालीविषयी मोठे कुतूहल होते. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८८७ मध्ये अमेरिकेत माणसे आणि प्राणी चालताना, धावताना, पायऱ्या चढताना कसे दिसतात याच्या शेकडो छायाचित्रमालिका प्रसिद्ध केल्या. पॅरिसमध्ये एडगर देगा इस्त्री करणाऱ्या बायका आणि सरावाने थकलेल्या नर्तकी रंगवत होते. त्याआधी, १८५७ मध्ये, फ्रान्सच्याच मिले यांनी शेतात पडलेली कणसे वेचणाऱ्या तीन वाकलेल्या बायकांचे चित्र काढले आणि गरिबांना एवढ्या मोठ्या चित्रात जागा दिली म्हणून टीकाही ओढवून घेतली होती.

मुंबईतही छायाचित्रांचे स्टुडिओ होते, पण तिथे माणसाला पडद्यापुढे स्थिर उभे राहावे लागे. गर्दीच्या रस्त्यावर हालणारा माणूस टिपायला डोळा, पेन्सिल आणि स्मरणशक्तीच उपयोगी पडे. क्षणभर दिसलेले लक्षात ठेवायचे आणि लगेच कागदावर उतरवायचे, हा सराव धुरंधरांनी सोडला नाही. रोज रेखाटन करण्याच्या या सवयीमुळेच त्यांच्या नावावर रेखाचित्रे, जलरंगचित्रे आणि तैलचित्रे धरून हजारोंच्या घरात काम जमा झाले. आज परीक्षेत ज्याला आपण स्मरणचित्र म्हणतो, त्याचे हेच तर मूळ आहे. पाठांतराचा तिथे काही उपयोग नसतो. पाहिलेले असेल तरच आठवते.

प्लेगच्या काळात त्यांच्यावर काय आघात झाला?

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला आणि पाहता पाहता शहर ओस पडू लागले. लोक गाड्या भरभरून गावाकडे पळाले, घरे रिकामी केली गेली, तपासणी पथकांची दहशत पसरली. जे. जे. मधली नोकरी नुकती लागली होती, नाव होऊ लागले होते, आणि अशा ऐन उमेदीत धुरंधरांच्या घरावर घाला आला. त्यांच्या पहिल्या पत्नी बापूबाई प्लेगला बळी पडल्या. पुढे त्यांचा गंगूबाईंशी विवाह झाला आणि संसार पुन्हा उभा राहिला.

त्या दुःखाचे थेट चित्र शोधायला गेले तर हाती फारसे काही लागत नाही. पण त्यांच्या कामात घर ही जागा कायम राहिली. घरातली माणसे, घरातली कामे, लग्नकार्यातली लगबग, सणाच्या दिवशीचे अंगण हे विषय ते वर्षानुवर्षे हाताळत राहिले. पाठारे प्रभू समाजातील विवाहविधी, दागिने, लुगडी आणि बसण्याउठण्याच्या रीती यांची त्यांनी केलेली चित्रे आज त्या काळच्या घरगुती जीवनाचा दस्तावेज म्हणूनही पाहिली जातात.

त्यांची चित्रे सर्वसामान्यांपर्यंत कशी पोहोचली?

तैलचित्र एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यात जाते, छापील चित्र मात्र टपालाने कुठेही जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात चित्रपोस्टकार्डांची लाट आली आणि धुरंधरांनी मुंबईतील नाना तऱ्हेच्या माणसांची, थोड्या मिश्कील अंगाने काढलेली पोस्टकार्डे केली. जाहिराती, पोस्टर यांसाठीही त्यांनी काम केले. छापील कामाला कमी लेखण्याची पद्धत असलेल्या काळात त्यांनी ते हलके मानले नाही.

पुस्तकांचे काम तर मोठेच आहे. मुंबईचे पोलीस आयुक्त एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकाच्या १९१२ च्या आवृत्तीत धुरंधरांची चित्रे आहेत. शहराच्या आडवाटा, मोहरम, सिद्दी आणि कोळी लोक, कसुंब्याचे अड्डे अशा विषयांवरचे हे पुस्तक आहे. १९१४ मध्ये सी. ए. किंकेड यांनी आपल्याकडच्या श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत आणल्या, त्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’लाही चित्रे धुरंधरांचीच. कहाणीतली गरीब ब्राह्मणबाई, नावडती राणी, नदीकाठच्या देवकन्या यांना त्यांनी दख्खनी घरातल्या खऱ्या बायकांची अंगयष्टी दिली. ऑटो रोथफेल्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ हे पुस्तक १९२० मध्ये आले. त्यात धुरंधरांची ४८ रंगीत चित्रे आहेत आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील, जातींतील आणि धर्मांतील स्त्रिया त्यांत दिसतात. मजकूर मागे पडला, चित्रे मात्र टिकली. आज हे पुस्तक हाती घेणारे बहुतेक जण चित्रांसाठीच घेतात.

त्यांच्या कामावर आक्षेप कोणते?

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही बिनबुडाचे नाहीत.

पहिला आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला. कलकत्त्यात ई. बी. हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या प्रभावाने बंगाल शैली उभी राहिली. युरोपीय वास्तववाद सोडून अजिंठा आणि लघुचित्रांकडे परत जावे, असा तिचा आग्रह होता. या मंडळींच्या दृष्टीने मुंबईची चित्रकला म्हणजे साहेबांची नक्कल. राष्ट्रीय भावना तीव्र होत असताना हा शिक्का जड होता आणि धुरंधरांसारख्यांचे नाव मागे पडण्यात त्याचा वाटा आहे. पण तंत्र परके म्हणून विषयही परका ठरत नाही. काष्टा घातलेली बाई घागर कशी पेलते, हे कुठल्याही युरोपीय पुस्तकात लिहिलेले नव्हते. त्यासाठी पाणवठ्यावर जाऊनच पाहावे लागत होते.

दुसरा आक्षेप आजचा आहे आणि तो अधिक टोचणारा आहे. वसाहतकाळातल्या अशा पुस्तकांत माणसांची वर्गवारी होत असे. ही अमुक जातीची बाई, हा तमुक धंद्याचा पुरुष. माणसाचे नाव नसते, फक्त नमुना असतो. राज्यकर्त्यांना प्रजेची ओळख करून देणाऱ्या या पुस्तकांसाठी धुरंधरांनी चित्रे काढली, तेव्हा तेही त्या वर्गवारीत सामील झाले. शिवाय त्यांच्या स्त्रिया अनेकदा जरा जास्तच देखण्या असतात, दमणूक क्वचित दिसते, अंगावरचा घाम पुसून टाकलेला असतो. कष्ट आणि उपेक्षा यांचे चित्रण मराठी कलेत पुढच्या पिढ्यांनी अधिक धीटपणे केले.

तरीही चित्रे शांतपणे पाहिली तर एक गोष्ट जाणवते. मथळा जातीचा असला तरी उभे राहण्याची ढब एका माणसाची असते. तोल, थबकणे, मागे वळून पाहणे या गोष्टी नमुन्यात बसत नाहीत. चित्रकाराचे निरीक्षण पुस्तकाच्या हेतूपेक्षा प्रामाणिक होते, म्हणून ही चित्रे त्या पुस्तकांच्या पलीकडे जगली.

शिक्षक आणि अधिकारी म्हणून त्यांची कारकीर्द कशी होती?

जे. जे. मध्ये प्राचार्य साहेब असायचा आणि त्याच्या हाताखाली भारतीय शिक्षक. ग्रिफिथ्स यांच्यानंतर सेसिल बर्न्स आले, त्यांच्यानंतर १९१९ मध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन. प्रत्येकाचे धोरण वेगळे. सॉलोमन यांनी नग्न मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग आणि भित्तिचित्रांचा वर्ग सुरू केला. वरचे अधिकारी बदलत राहिले, धुरंधर मात्र वर्गात कायम होते. रेखाटन पक्के असल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा त्यांचा आग्रह पिढ्यानपिढ्यांच्या विद्यार्थ्यांच्या हातात उतरला. इलाख्यातील शाळांच्या चित्रकला विषयाचे निरीक्षक म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

मोठी सरकारी आणि संस्थानी कामेही त्यांच्याकडे आली. औंधचे कलाप्रेमी अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या संग्रहात त्यांची चित्रे आहेत आणि औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात ती पाहता येतात. शिवचरित्रातील प्रसंगही त्यांनी रंगवले. १९२९ च्या सुमारास नवी दिल्लीतील सचिवालयाच्या दालनांत भित्तिचित्रे करण्याचे काम मुंबईच्या चित्रकारांना मिळाले, तेव्हा विधी सदस्याच्या दालनातील चित्रांची जबाबदारी धुरंधरांवर होती. दरबार असो वा राज्याभिषेक, त्यांच्या गर्दीच्या चित्रांत कडेला उभे असलेले भालदार, चवऱ्या ढाळणारे सेवक आणि डोकावणारे बघे नीट पाहण्यासारखे असतात. रस्त्यावर केलेला अभ्यास तिथे कामी आलेला दिसतो.

१९२७ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. १९३० मध्ये त्यांनी संस्थेच्या हंगामी संचालकपदाची सूत्रे सांभाळली. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. मात्र ही संधी आली ती निवृत्ती तोंडावर असताना आणि तीही तात्पुरती. चाळीस वर्षे संस्था ज्यांच्या खांद्यावर चालली, त्यांना सर्वोच्च जागा मिळायला एवढा वेळ लागला. गुणवत्तेच्या प्रमाणपत्रांची तिथे कमतरता नव्हती, अडसर कातडीच्या रंगाचा होता.

त्यांच्या पश्चात काय उरले?

१ जून १९४४ रोजी मुंबईत धुरंधर यांचे निधन झाले. त्यांची मुलगी अंबिका हीदेखील जे. जे. मध्ये शिकली आणि चित्रकार झाली. मुलींनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेणे दुर्मीळ असलेल्या त्या काळात वडिलांनी तिला या वाटेवर उभे केले. १९१२ मध्ये जन्मलेल्या अंबिकाबाईंना दीर्घ आयुष्य लाभले आणि त्यांनी वडिलांचा ठेवा निगुतीने जपला. २००९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नाव ‘माझी स्मरणचित्रे’ असे आहे.

स्वातंत्र्यानंतर आधुनिक कलेचे वारे वाहू लागले आणि वास्तववादी चित्रकार जुन्या वळणाचे म्हणून अडगळीत गेले. धुरंधरांचे नाव कलाशाळांच्या भिंतींपुरते उरले. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, चित्रकार व अभ्यासक सुहास बहुलकर यांच्या संयोजनातून त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. लहान लहान रेखाटनांपासून भव्य तैलचित्रांपर्यंतचे काम एकत्र पाहताना नव्या पिढीला हा माणूस नव्याने भेटला.

भंडाऱ्याच्या वाचकाने हे का जाणून घ्यावे?

धुरंधरांच्या काळात भंडारा मुंबई इलाख्यात नव्हते, मध्य प्रांतात होते. त्यामुळे जे. जे. ची थेट परंपरा इकडे उशिरा पोहोचली. पण माणूस रंगवण्याची ओढ या मातीतही होती. लाखनीत जन्मलेले भाऊ समर्थ (१९२८-१९९१) नागपुरात राहून आयुष्यभर चित्रे काढत आणि हिंदी-मराठीत लिहीत राहिले. त्यांची वाट धुरंधरांहून अगदी निराळी होती, तरी चित्राचा संबंध समाजाशी असतो हा धागा समान होता.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. धुरंधरांनी टिपलेल्या मुंबईतल्या कितीतरी ढबी आज उरलेल्या नाहीत. घागर गेली तशी ती कमरेची वळणे गेली, जाते गेले तसा तो पसरलेला पाय गेला. त्या बायका कशा चालत हे आज आपल्याला कळते, ते कुणीतरी थांबून पाहिले म्हणून. आपल्याकडेही हेच घडते आहे. रोवणीची यंत्रे येत आहेत. आंधळगावात कोशाचे कापड विणणाऱ्या विणकराच्या हातापायांचा मेळ, भंडाऱ्यात पितळेची भांडी ठोकणाऱ्या कारागिराची उकिडवी बैठक, मामा तलावात जाळे फेकताना ढिवराच्या कमरेला पडणारा पीळ, या गोष्टी रोजच्या आहेत म्हणून कुणी त्यांच्याकडे बघत नाही. मोबाइलमध्ये फोटो निघतो, पण फोटो काढताना माणूस सावरून उभा राहतो, आणि तेवढ्यात कामाची ढब निघून जाते.

त्यामुळे येत्या ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी धुरंधरांच्या आयुष्यातून एक साधा धडा घेता येईल. पाठ केलेली माणसे बाजूला ठेवावीत. वही-पेन्सिल घेऊन एखादा तास बसस्थानकावर, बाजारात किंवा बांधीच्या धुऱ्यावर बसावे. चेहरा सोडून द्यावा आणि वजन कुठल्या पायावर आहे एवढेच पाहावे. चित्र पहिल्या दिवशी जमणार नाही. पण रोज सोबत असलेली आई पाण्याची बादली उचलताना कुठे वाकते, हे कदाचित पहिल्यांदाच दिसेल.